सव्वा हात मरळ

सायखेड्याच्या डोहात मी मरळ धरला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मरळ, माझ्या अंदाजाने, बावीसचा. त्याला बाहेर ओढलं तेव्हा गोदावरीचं पाणी चार बोटं खाली गेलं. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांना दोन पायऱ्या खाली सरकून बसावं लागलं. बैलगाडीत घातला तर शेपटी मागे रस्त्याला घासत होती, आणि त्या घासण्याने जी चारी पडली तिच्यातून एका शेतकऱ्याने पुढे तीन वर्षं कांदा भिजवला.

हे मी कुठेही सांगतो. कारखान्याच्या कँटीनमध्ये सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंडात कापूस असतानाही सांगितलं. सांगताना दोन्ही हात पसरावे लागतात, त्याशिवाय मरळ नीट येत नाही. तरुणपणी हात खांद्याइतके पसरायचे. अलीकडे आमच्या इंदिरानगरच्या हॉलची रुंदी पुरत नाही, एक हात बाल्कनीत जातो.

"पहिल्यांदा ऐकला तेव्हा परातीत मावत होता," बायको पाहुण्यांना सांगायची. "मग आमची मुलगी झाली. तिच्याबरोबर तोही वाढला. मुलगी विसाव्या वर्षी वाढायची थांबली, हा काही थांबेना."

पाहुणे हसायचे. मी सर्वांत मोठ्याने हसायचो.

ती मखमलाबादच्या झेंडूवाल्यांच्या घरातली. त्या घरात टेप नावाची वस्तू कधी आली नाही. हार वितीने मोजायचा, तोरण हाताने; कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. पडद्याचं कापड असो की नातवाची टोपी, ती दोनदा हात फिरवते आणि आकडा सांगते. दुकानदाराने गजाने मोजलं तर दुकानदार चुकतो. तिच्या हाताचं माप कधी चुकलं नाही आणि माझ्या हाताचं कधी बरोबर आलं नाही. चौतीस वर्षं संसार असा तोलून चालला.

आता लिहायलाच बसलोय तर खरं लिहून टाकतो. मी आयुष्यात गळाने तीन वस्तू बाहेर काढल्या आहेत. दोन चिलापी मासे आणि एक रबरी चप्पल, डाव्या पायाची. सायखेड्याला मरळ गळाला लागला होता हे खरं. पण काठाशी येऊन सुटला. पाण्यात एक काळी पाठ वळली, एक भोवरा उठला, संपलं. तेवढंच मी पाहिलं. बाकीचा मासा मी घरी येऊन केला.

गेल्या श्रावणात डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं आणि काचबिंदू आहे म्हणाले. मी म्हटलं, काढून टाका. ते म्हणाले, मोतीबिंदू काढतात, हा काढता येत नाही. डावा डोळा गेल्यातच जमा होता. उजव्यात नळीतून बघावं तेवढं उरलेलं. शस्त्रक्रिया झाली, तीन तऱ्हेचे थेंब झाले, आणि दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं, "गेलेली नजर परत येत नसते. राहिलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. यांच्यात ती भराभर चाललीय."

मी बाहेर येऊन तिला म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, घोड्यासारखी नजर आहे."

"घोड्याला झापडं लावतात," ती म्हणाली.

त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या तपासणीनंतर रिक्षात बसल्या बसल्या, तिने मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. दिसतंय तोवर बघायच्या म्हणून. पुण्याच्या मुलीला समोर बसवून अर्धा तास नुसतं बघायचं, तिने बोलायचं नाही. दसऱ्याआधी माहेरच्या झेंडूच्या शेतात उभं राहायचं. आणि तिसरी?

"तुम्हाला मासा पकडताना."

मी हसलो. ती हसली नाही.

मुलगी आली, अर्धा तास गप्प बसली; तिच्या आयुष्यातला हा विक्रम आहे. झेंडूही झाला. तोडणीच्या आदल्या दिवशी ती बांधावर उभी राहिली, मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत, त्या नळीतून शेत थोडं थोडं करून घेत. राहिला मासा. मासा माझ्याकडे होता.

मी पितृपक्षाचं कारण सांगितलं. मग पाणी गढूळ आहे म्हटलं. मग दिवाळी, मग गाडीचं टायर, मग थंडीत मासा तळाला बसतो. एवढी कारणं मी तीस वर्षांत कारखान्यात उशिरा जाण्यासाठीही खर्च केली नव्हती. खरं कारण असं की मला भीती वाटत होती. ती काठावर बसून बघणार, त्या नळीत मी एकटा मावणार, आणि माझ्या हातात रिकामा गळ. चौतीस वर्षांचा मरळ तिच्यासमोर मरणार.

दर रविवारी ती विचारायची, "मग, कधी?" संक्रांतीनंतर विचारायची थांबली. मला वाटलं, रागावली. तिच्या रागामुळे का होईना, मी हललो.

दिंडोरीच्या पुढे एका धरणाच्या काठाला एक मासेमार राहतो. पत्र्याची होडी आहे. रविवारी शहरातल्या हौशी लोकांना पाण्यावर फिरवतो, गळ बांधून देतो, कुठे टाकायचा ते दाखवतो. आधी मी एकटाच जाऊन त्याला भेटलो. बाजूला घेतलं आणि म्हटलं, बाजारातून जिवंत मरळ आणू, ओल्या पोत्यात बांधून पाण्यात ठेवू, तू हळूच माझ्या गळाला अडकव. मरळ पाण्याबाहेरही तास दोन तास दम धरतो, सगळा विचार मी केला होता.

त्याने जाळं शिवता शिवता वर पाहिलं. "मंग बाजारातूनच घरी घेऊन जा ना काका. इथं कशाला आनता त्याला?"

"अरे, बायकोला दाखवायचंय."

"पान्यावर खोटं नाय करत मी. पानी माझं रोजचं हाय. तुम्ही एक दिवस येनार, चालले जानार."

"बरं, मग खरा मिळेल का?"

"मरळ? या दिवसांत?" तो नकारार्थी हसला. "दसऱ्याच्या टायमाला यायचं व्हतं. तवा लय व्हते."

दसऱ्याच्या टायमाला मी पाणी गढूळ आहे म्हणत होतो.

तर ठरलेल्या रविवारी आम्ही निघालो. दिंडोरीकडे द्राक्षांची काढणी जोरात होती. रस्त्याच्या कडेला क्रेटचे डोंगर, ट्रॅक्टर, डोक्याला फडकी बांधलेल्या बायका. मी तिला सांगत होतो की इथली द्राक्षं इतकी मोठी असतात की एक फोडलं की दोघांना पुरतं. एरवी ती "पुरे" म्हणते. पुरे हा आमच्या घरात माझ्यासाठीच राखून ठेवलेला शब्द आहे. पण त्या दिवशी म्हणाली, "आणखी काय काय आहे? सांगा ना."

मला स्फुरण चढलं. मी सांगत सुटलो.

डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा तिने लावला होता. धरणाच्या उतारावर तिने माझा दंड घट्ट धरला. "चप्पल नवीन आहे," म्हणाली. मी म्हटलं, असेल.

होडीत बसण्याआधी मासेमाराने नारळ पुढे केला. "मावशी, पान्याची ओटी भरा. बाईमानसाच्या हातची लागती. माझी मालकीन माहेरी गेलीय."

तिला हे मनापासून आवडलं. तिने पिशवीतून हळदकुंकवाचा करंडा काढला, अंगठ्याने नारळाची शेंडी चाचपली, बरोबर डोळ्यांखाली कुंकू लावलं, तांदूळ ओंजळीत घेतले. मग म्हणाली, "पाणी कुठपर्यंत आलंय?"

पाणी तिच्या पायाच्या बोटांना लागत होतं.

"तुझ्या पायाशी," मी म्हटलं. "ओळख पटली नाही वाटतं."

"गार इतकं आहे, मला वाटलं वारा लागतोय," ती म्हणाली, आणि वाकून तांदूळ सोडले. मासेमाराने माझ्याकडे पाहिलं. मी होडीकडे पाहिलं. आयुष्यभर मी जे नाही ते बघत आलो; त्याची एवढी सवय की जे समोर आहे ते दिसायला मला नेहमी कुणीतरी ढोसावं लागतं.

होडी पाण्यात गेली. मासेमाराने दोन्ही गळांना बेडूक लावले, शिसं बांधलं, नायलॉनचा तंगूस बोटावरून सोडला. मग त्याने नियम सांगितले. होडीत उभं राहायचं नाही. पाण्यात थुंकायचं नाही.

"आनि हातानं माप नाय दाखवायचं, काका. मासा लागायच्या आधी ज्यानं हात पसरले त्याला मासा लागत नाय."

बायको इतकी हसली की होडी हलली. "अहो, आता काय करणार? यांना हात न पसरता बोलताच येत नाही!"

"मंग काकांनी हातावर बसावं."

मी खरोखर बसलो. दोन्ही तळहात मांड्यांखाली घालून. त्यामुळे गळ मासेमाराच्या हातात आणि शिकणारा मी असा प्रकार सुरू झाला. पहिला तास मी सायखेड्याची गोष्ट हातांशिवाय सांगून पाहिली. मासा वीतभराचा झाला. सोडून दिली.

दहा वाजले. अकरा वाजले. पाणी असं स्वस्थ पडलेलं की जणू त्याने आमच्याविरुद्ध काही ठरवलंय. मासेमार होडी बुडालेल्या बाभळींपाशी नेत होता. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्या बाहेर येतात. आता त्यांचे काळे शेंडेच तेवढे वर होते. "हितं बसतो मरळ," तो हळूच म्हणायचा. "हवा घ्यायला वर येतो. बुडबुडा आला की सांगा."

बुडबुडा आला नाही. पाणकावळा आला. आमच्या गळापासून हातभर अंतरावर बुडी मारून त्याने चांगला मासा उचलला, आमच्या देखत गिळला आणि बाभळीवर बसून पंख वाळवत राहिला.

"काय झालं? कशाचा आवाज?" बायको म्हणाली.

"पाणकावळा. त्याने मासा धरला."

"बघा! तो किती वर्षांपासून सांगतोय?"

मासेमार पहिल्यांदा मोकळा हसला.

दुपारी आम्ही होडीतच खाल्लं. मेथीचे पराठे, मिरचीचं लोणचं, वाटेत घेतलेली द्राक्षं. ती मासेमाराशी झेंडूवर बोलत होती, कोणत्या महिन्यात खुडायचा, पाऊस लागला तर कसा काळा पडतो. तो म्हणाला, त्याच्या सासुरवाडीलाही झेंडू आहे. तिने विचारलं, कोणता रंग? तो म्हणाला, पिवळा. "पिवळा," ती म्हणाली, आणि जरा वेळ गप्प बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय काय दिसतंय, सांगा ना."

"काय दिसणार! पाणी."

"एवढंच? तुमच्यासारख्या माणसाला?"

मग मी सांगितलं. समोरच्या डोंगराला मी दोन शिखरं जास्तीची लावली. काठावरच्या तीन म्हशींचा कळप केला. पाण्यात ढग उतरले होते म्हटलं, आभाळ तर कोरं होतं. ती मान डोलवत होती. मी इतका खूश होतो! चौतीस वर्षांत एकदाही तिने माझं असं ऐकलं नव्हतं. मधेच मी म्हटलं, "तो बघ, तिकडे बगळा," आणि तिने "हो हो" म्हटलं. बगळा मी आत्ताच बनवला होता. म्हटलं, चला, आज ही माझ्या बाजूने खेळतेय.

चार वाजता वारा सुटला. मासेमाराने होडी वळवली. "नाय व्हनार, काका. पानी थंड हाय. गप पडलेत सगळे."

"एकदाच," मी म्हटलं. हात मांड्यांखालून काढले, बोटं बधीर झालेली. गळ मागितला. बेडूक मीच लावला, वाकडा. बाभळींच्या मधोमध टाकला.

तंगूस ताठ झाला.

असा ताठ की बोटाला चरा पडला. मी ओढलं, होडी तिरकी झाली. मासेमाराने एकदा तंगूसावर बोट ठेवून पाहिलं आणि ओठ दाबून मान हलवली. त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं. जिवंत वस्तू गळाला लागली की ती हिसका देते. हे नुसतंच जड होतं. तरी ओढलं. हळूहळू ते सुटलं, वर आलं, आणि मी गळाची काठी उचलून ते पाण्याबाहेर काढलं. फाटक्या जाळ्याचा गुंडाळा. काळा, चिखलाने भरलेला, त्यात बाभळीची एक काटकी.

हौशी माणसाची हौस फिटावी इतकं विनोदी ते ध्यान होतं. मी ते तिला दाखवायला उंच धरलं आणि ओरडलो, "लागला! मरळ!" आणि थांबलो. ती आता म्हणणार, अहो, जाळं आहे ते, चिखल पडतोय साडीवर. चौतीस वर्षांची सवय. मी तोंड उघडायचं, तिने टाचणी लावायची.

ती हात जोडल्यासारखी टाळी वाजवून म्हणाली, "अगं बाई! केवढा हो! आणि चमकतोय कसा!"

जाळ्यावर काही चमकत नव्हतं. ती पाहत होती ते जाळ्याकडेही नव्हतं. जाळं तिच्या डाव्या हाताला होतं, आणि ती उजवीकडे, मोकळ्या वाऱ्याकडे तोंड करून हसत होती.

मी काठी धरून तसाच. चिखलाचे थेंब होडीच्या पत्र्यावर टपटपत होते. पायाशी आलेलं पाणी, दंड, "सांगा ना", तो बगळा, "पिवळा" म्हणून गप्प बसणं, आणि सकाळी चहाचा कप उचलण्याआधी टेबलावरून सरकत जाणारी तिची बोटं, जी मी कितीतरी दिवस बघत होतो आणि ज्यांना मी, देवा, पेपर वाचता वाचता, नवीन टेबलक्लॉथचं कौतुक समजत होतो. सगळं एकदम आलं.

"हात लावू द्या ना मला," ती म्हणाली. तळहात पुढे केले.

मी जाळं काटकीसकट पाण्यात सोडून दिलं. चांगला मोठा आवाज झाला.

"सुटला," मी म्हटलं.

"सुटला?"

"हातातून सुटला."

तिचे हात तसेच पुढे होते. मी मासेमाराकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, अगदी हळू, "लय मोठा व्हता, मावशी. मी सोता पाह्यला." आणि वल्हं पाण्यात घातलं.

काठावर मी त्याला नमस्कार केला. त्याने माझ्याकडे पाठ करून होडी बांधली. पाणी त्याचं रोजचं होतं आणि आम्ही चाललो होतो.

गाडी द्राक्षांच्या मळ्यांमधल्या अरुंद रस्त्यावर आली तेव्हा मी विचारलं, "कधीपासून?"

"संक्रांतीपासून," ती म्हणाली. " तिळगुळ वाटायला निघाले, जिना सापडेना."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही गाडीचं टायर बदलून आणलंत. म्हटलं, आता हे नक्की नेतील. एवढे तयार झालात, तर मोडवत नव्हतं."

मी गाडी बाजूला घेतली. चालवता येत नव्हती.

"दाखवा ना," ती म्हणाली.

"काय?"

"केवढा होता ते. होडीत तर बंदी होती."

मी हात वर केले. तिने माझा कोपर शोधला, त्यावरून मनगटावर आली, बोटांच्या टोकापर्यंत गेली. मग हवेतून पलीकडे, दुसऱ्या हातापर्यंत. मी हात किती लांब ठेवायचे मला कळेना. आयुष्यात पहिल्यांदा कळेना. पसरवत होतो तेवढे पसरवेनात, जवळ आणावेत तर तिचा हात मध्ये होता. ती मोजत होती, तोरण मोजतात तशी, एक हात, वर चार बोटं, वर आणखी थोडं.

"सव्वा हात," ती म्हणाली. "एवढाच? सायखेड्याचा तर यापेक्षा मोठा होता."

मागे क्रेट भरलेला ट्रॅक्टर उभा राहून हॉर्न देत होता. मी हात खाली घेतले नाहीत. ड्रायव्हर उतरून आला, काचेवर टकटक केली, आम्हा दोघांना तसं बघितलं आणि परत गेला. मळ्यात चाक घालून, कडेकडेने ट्रॅक्टर काढून नेला.

थेंब अजून चालू आहेत. दिवसातून तीनदा मी घालतो, डॉक्टरांनी थांबवा म्हटलेलं नाही. संध्याकाळी ती सोसायटीच्या बाकावर बसते आणि शेजारच्या बायकांना मासा सांगते. धरण, ओटी, पाणकावळा, सगळं. शेवटी हात पसरते. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिला," म्हणते. बायका माझ्याकडे बघतात, मी हो म्हणतो. या माणसाला फक्त हो म्हणताना कॉलनीने आधी कधी पाहिलं नव्हतं.

तिचे हात मी रोज बघतो. माझा मासा दर पाहुण्याला बोटभर वाढायचा. तिचा वाढत नाही. कुणीही आलं, कितीही वेळा विचारलं, तरी तो सव्वा हातच राहतो.